राजीखुशीचा करार

आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. त्यांच्याकडे सहा महिने राहून हे स्नेही सपत्नीक नुकतेच परत आले, आणि शिरस्त्याप्रमाणें आम्हां मित्रमंडळींस चहाला बोलावून त्यांनीं आपलें प्रवासवृत्त ऐकविलें. व्हर्जिनिया प्रांताचें विल्यम्सबर्ग म्हणून जें जुनें राजधानीचें गांव अडीचशें वर्षांपूर्वींच्या थाटांत उभें करून ठेविलें आहे, तें पाहून ते फार प्रसन्न झाले होते. तेथें त्या काळचा वेष केलेल्या बायका चरख्यावर सूत काततात, सुतार, लोहार आपापलीं कामें करून दाखवितात, आणि सर्वत्र अशी स्वच्छता व शिस्त नांदते कीं, इतिहास म्हणजे एक नीटनेटकें घरच वाटावें. हें वर्णन चाललें असतां विषय त्या काळच्या दासींवर आला. तेव्हां स्नेही म्हणाले, “इंग्लंडांतल्या ज्या पोरींस घरीं दोन वेळ खावयास मिळत नव्हतें, त्यांना फुकट प्रवास, चार-पांच वर्षें घरकाम, आणि पुढें नवरा व जमीन! आणि हें सारें राजीखुशीनें, सहीनिशीं. यालाच लोक गुलामगिरी म्हणून गळा काढतात!” मंडळींनीं माना डोलाविल्या. त्यांत एक नाणावलेले वकील होते. त्यांनीं “करार तो करार” असा निकाल देऊन पेला खालीं ठेविला, आणि प्रकरण तेथेंच मिटलें.

आम्ही त्या वेळीं गप्प बसलों. यजमानाच्या घरीं वितंडवाद माजवूं नये हा जुना संस्कार त्याला कारण झाला, असें आम्ही म्हणूं शकलों असतों. परंतु दुसरेंहि एक कारण होतें, आणि तें योग्य ठिकाणीं सांगूं. गप्प बसल्याचा पश्चात्ताप मात्र घरीं पोंचेपर्यंत झाला, व म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तो करार कसा असे हें पाहूं. एकाच कागदावर मजकूर दोनदां लिहीत आणि मधून वांकडातिकडा, दातेरी काप घेऊन त्याचे दोन तुकडे करीत. एक धन्यापाशीं, एक नोकरापाशीं. दोन्ही दाते जुळले म्हणजे कागद खरा. या दात्यांवरूनच इंग्रजींत त्या कागदास ‘इंडेंचर’ हें नांव पडलें. कल्पना मोठी न्यायाची आहे. दोघांच्या हातीं सारखाच कागद! परंतु ज्या मुलीस अक्षरओळख नाहीं आणि जी सहीऐवजीं फुली मारते, तिच्या हातांतला तुकडा आणि तो ज्याच्या सोयीनें लिहिला गेला त्याच्या हातांतला तुकडा, यांचे दाते जुळले तरी किंमत जुळत नाहीं. शिवाय तो कागद विकतां येत असे. मुलगी ज्या कप्तानाशीं वा व्यापाऱ्याशीं करार करी, तो तिला समुद्रापलीकडे नेऊन भलत्याच माणसास विकी. तो माणूस पुढें तिसऱ्यास विकी. तो मेला तर ती त्याच्या मालमत्तेच्या यादींत गुराढोरांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या ओळींत उरलेल्या मुदतीच्या किंमतीसह नोंदली जाई. ज्या करारांत एक पक्ष न बदलतां दुसरा पक्ष वाटेल तितक्या वेळां बदलतो, त्यास आमच्या वकीलमित्रांच्या शास्त्रांत काय म्हणतात, हें त्यांनींच सांगावें.

आतां ही पद्धति कां निघाली? १६०७ सालीं जेम्सटाउन येथें इंग्रजांनीं वसाहत केली आणि थोड्याच वर्षांत तंबाखूचें पीक हातीं लागलें. जमीन अमाप, माणूस दुर्मिळ. तेव्हां १६१८ त व्हर्जिनिया कंपनीनें नियम केला कीं, जो कोणी स्वखर्चानें एक माणूस आणील त्यास पन्नास एकर जमीन मिळावी. आणलेल्या माणसास नव्हे, आणणारास! म्हणजे जी मुलगी अटलांटिक ओलांडून आली, तिच्या नुसत्या येण्यानेंच तिच्या धन्यास पन्नास एकर मिळाले, आणि वर तिचीं चार ते सात वर्षें फुकट मिळालीं. आमच्या स्नेह्यांनीं ‘जमीन मिळे’ असें म्हटलें तें खरेंच आहे; कोणाला, एवढेंच ते विसरले. मेरीलंडांत मुदत संपलेल्या नोकरास पन्नास एकरांचा हक्क १६८३ पर्यंत असे, पण मोजणीचा व नोंदणीचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यानें मुदत संपलेल्या पुरुषास दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक ठरविली. बाईस पंधरा बुशेल मका आणि चाळीस शिलिंग. त्या यादींत जमीन नाहीं. राहतां राहिला नवरा. कंपनीनें १६२१ सालीं कांहीं तरुणी लग्नासाठीं म्हणून पाठविल्या होत्या. त्यांपैकीं एखादीस वरणाऱ्यानें कंपनीला दीडशें पौंड तंबाखू मोजून द्यावयाचा असे. या वधू दासी नव्हत्या, त्यांतल्या त्यांत प्रतिष्ठित घरच्या होत्या, हें सांगितलेंच पाहिजे. प्रतिष्ठितांचा भाव हा, तर इतरांचा काय असेल?

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपांतून त्या वसाहतींत जे लोक गेले, त्यांपैकीं निम्मे वा त्याहूनहि अधिक लोक असे बांधील होऊन गेले, असें ॲबट एमर्सन स्मिथ या इतिहासकारानें १९४७ त दाखवून दिलें. स्त्रिया त्यांत थोड्या. तंबाखूच्या प्रदेशांत तर आरंभीं सहा पुरुषांमागें एक बाई, हें प्रमाण. हें थोडेपणच तिच्या दुर्दशेचें एक मूळ होय, हें पुढें दिसेल.

‘राजीखुशी’ कशी मिळविली जाई, तेंहि पाहण्याजोगें आहे. लंडन व ब्रिस्टल या बंदरांत पोरींस व पोरांस गोड बोलून, दारू पाजून किंवा सरळ उचलून जहाजावर घालणाऱ्या दलालांचा एक वर्गच होता. लोक त्यांस ‘स्पिरिट्स’, म्हणजे भुतें, म्हणत. आपल्याकडे ‘भुतानें नेलें’ म्हणतात तसेंच. हा उपद्रव इतका वाढला कीं, मुलें चोरणारांविरुद्ध १६४५ त पार्लमेंटास हुकूम काढावा लागला. पुढें १७१८ च्या कायद्यानें शिक्षा झालेल्या गुन्हेगारांस सात किंवा चौदा वर्षांसाठीं अमेरिकेंत पाठविण्याची राजरोस सोय झाली, व १७७५ पर्यंत सुमारें पन्नास हजार माणसें या वाटेनें गेलीं. त्यांत स्त्रियाहि पुष्कळ. डीफोची ‘मॉल फ्लँडर्स’ ही कादंबरी (१७२२) आमच्या पिढीच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनीं वाचलेली असते. तिची नायिका व्हर्जिनियांत जाऊन शेवटीं सधन होते. ग्रंथकारांस नायिका सुखी करण्याची मोकळीक असते. न्यायालयाच्या दप्तरांस ती नसते.

जर्मनांची तऱ्हा थोडी निराळी. ते भाड्याचें देणें अंगावर घेऊन निघत आणि फिलाडेल्फियास उतरण्यापूर्वीं जहाजावरच त्यांचा लिलाव होऊन भाडें वसूल केलें जाई. गॉटलीब मिटेलबर्गर नांवाचा एक शाळामास्तर १७५० त रॉटरडॅमहून या जहाजावर चढला आणि परत गेल्यावर १७५६ त त्यानें आपलें पुस्तक छापलें. लोकांनीं देश सोडूं नये म्हणूनच तो लिहितो, तेव्हां त्याचा सूर कडवट आहे हें मान्य. परंतु त्यानें सांगितलेला एक नियम कडवटपणानें बनविलेला नव्हे. अर्ध्याहून अधिक वाट झाल्यावर नवरा मेला, तर त्याच्या भाड्याचीं वर्षें विधवेनें स्वतःच्या वर्षांवर भरावयाचीं. नवरा समुद्रांत, पोर दुसऱ्याच्या घरीं विकलेलें, आणि बाई दोघांच्या भाड्यासाठीं तिसऱ्याच्या दारीं! वादळांत प्रसूतीच्या कळा लागलेल्या आणि सुटका न होणाऱ्या एका बाईस जहाजाच्या खिडकींतून समुद्रांत ढकलून दिल्याचेंहि तो नमूद करतो.

‘घरकाम’ या शब्दावर आमच्या स्नेह्यांचा मोठा भर होता. हा भर आजचा नाहीं. जॉन हॅमंड नांवाच्या एका गृहस्थानें १६५६ मध्यें व्हर्जिनिया-मेरीलंडची तरफदारी करणारी एक पुस्तिका लिहिली. तींत तो ठासून सांगतो कीं, तेथें बायकांस शेतांत राबवीत नाहींत, घरचेंच काम देतात. शेतांत घालतात त्या केवळ गलिच्छ व कुचकामाच्या बाया. आतां ही पुस्तिका निघाल्यावर अवघ्या सहा वर्षांनीं, म्हणजे १६६२ च्या डिसेंबरांत, व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेनें एक कायदा केला. त्याचें कारण कायद्यांतच दिलें आहे: कित्येक लोक कर चुकविण्यासाठीं स्त्रीनोकर विकत घेऊन त्यांना जमिनींत राबवितात. कर पुरुषमजुरावर होता, बाईवर नव्हता. तेव्हां शहाण्या मळेवाल्यांनीं बाईच शेतांत घातली. म्हणून सभेनें ठरविलें कीं, ज्या स्त्रीनोकरांचें नेहमींचें काम पिकांतलें, त्यांच्यावर धन्यानें कर भरावा. हॅमंडच्या चोपड्यापेक्षां करवसुली करणारास आम्ही अधिक प्रमाण मानतों. स्तुतिपाठक खोटें बोलेल. पण जेथें पैसा बुडतो तेथें सरकार सहसा खोटें बोलत नाहीं. तंबाखूची रोपें लावणें, खुरपणें, शेंडे खुडणें, किडे वेंचणें, पानें तोडून वाळवणें हें सारें काम, आणि तें आटोपल्यावर मका कुटणें, दूध काढणें, धुणीं, स्वयंपाक हें ‘घरकाम’. विल्यम्सबर्गचा चरखा खरा असेल. पण त्याच्यामागें असलेलें शेत प्रेक्षकांस दिसत नाहीं.

परंतु कष्ट हे कष्टच. ते पुरुष नोकरानेंहि भोगले. स्त्रीच्या करारांत जें एक कलम न लिहितां लिहिलेलें असे, तें तिच्या देहाचें. तेवढ्याविषयीं आम्हांस अंमळ विस्तारानें बोलावयाचें आहे, आणि घरांत वडील मंडळी व मुली हा अंक वाचतात हें जाणूनहि बोलावयाचें आहे.

मुदत पुरी होईपर्यंत तिला धन्याच्या संमतीवांचून लग्न करतां येत नसे. १६४३ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानें चोरून लग्न करणाऱ्या पुरुष नोकराची मुदत एका वर्षानें वाढे. त्याच लग्नाबद्दल स्त्रीनोकराची मुदत दुप्पट होई. लग्न एकच, दंड दोन! वीस-बावीस वर्षांची मुलगी, अवतीभोंवतीं सहापट पुरुष, लग्नाची बंदी, आणि रात्रीं निजावयास धन्याच्या घराचा एखादा कोपरा किंवा माळा. या परिस्थितींत जें घडावयाचें तें घडे. मूल झालें तर १६६२ च्या कायद्याप्रमाणें व्यभिचाराबद्दल पांचशें पौंड तंबाखू दंड किंवा फटके, आणि धन्याच्या कामाचा खोळंबा झाला म्हणून दोन वर्षें अधिक नोकरी अथवा दोन हजार पौंड तंबाखू. तिच्याजवळ तंबाखू कोठला असणार? म्हणजे पाठीवर फटके आणि आयुष्याचीं दोन वर्षें. मेरीलंडच्या चार्ल्स परगण्याचीं जुनीं दप्तरें लॉइस कार आणि लोरेना वॉल्श या दोन विदुषींनीं १९७७ त तपासून सांगितलें कीं, त्या परगण्यांत दासी म्हणून आलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें एक-पंचमांश या आरोपाखालीं न्यायालयापुढें उभ्या राहिल्या. पांचांत एक! आणि ज्यांचें प्रकरण दडपलें गेलें त्यांची गणती यांत नाहीं.

आणि मुलाचा बाप धनीच असेल तर? येथें वाचकांनीं क्षणभर थांबून स्वतः विचार करावा, कीं कोणतीहि सभ्य सभा काय ठरवील. डिसेंबर १६६२ च्या त्याच अधिवेशनांत व्हर्जिनियाच्या सभेपुढें हा प्रश्न आला. कांहीं दुराचारी धनी आपल्या दासींस गर्भवती करून वर त्याच कारणानें त्यांच्या वाढीव नोकरीचा लाभ उपटतात, हें सभेनें स्पष्ट कबूल केलें. परंतु अशा बाईस मुक्त केलें, तर बाकीच्या बायका आपआपलीं पापें धन्यांच्या माथीं मारतील, अशीहि सभेस भीति वाटली! म्हणून तोड निघाली ती अशी: धन्याकडील मुदत संपल्यावर त्या बाईस चर्चच्या कारभाऱ्यांनीं दोन वर्षांसाठीं दुसऱ्यास विकावें, आणि आलेला तंबाखू चर्चच्या हद्दींतील लोकांच्या उपयोगीं लावावा. अपराध धन्याचा, शिक्षा दासीस, आणि वसूल देवाच्या घरीं. इतकी नीटनेटकी वांटणी आमच्याहि इतिहासांत विरळाच सांपडेल. नाहींच, असें आम्ही म्हणत नाहीं.

कायद्यांच्या मागें माणसें असतात. व्हर्जिनियाच्या नॉर्दॅम्प्टन परगण्यांत ॲन ऑर्थवुड नांवाची एक मुलगी ब्रिस्टलहून १६६२ च्या सुमारास आली. ती ज्याच्याकडे होती तो कर्नल विल्यम केंडल तेथला बडा माणूस. त्याच्या पुतण्याशीं, जॉन केंडलशीं, तिचा संबंध जडला. मग कर्नलानें तिचा करार दुसऱ्यास विकला, आणि त्यानें ती गरोदर असतांनाच तिसऱ्यास विकला; त्या तिसऱ्यानें माल खोटा निघाला अशा अर्थानें विकणारावर फिर्याद केली. घोडा लंगडा निघाला म्हणजे करतात तशी! १६६४ च्या उन्हाळ्यांत तिला जुळीं झालीं. ऐन कळांत असतां सुईणीनें तिच्याकडून बापाचें नांव वदविलें. ही त्या काळची रीतच होती, कारण मरणाच्या दारांत माणूस खोटें बोलत नाहीं असा समज. ॲन त्यांतच गेली, एक मूलहि गेलें. न्यायालयानें जॉन केंडल यास व्यभिचाराच्या आरोपांतून निर्दोष सोडलें, आणि त्याच मुखानें मुलाच्या पोटगीचा भार मात्र त्याच्यावर ठेविला. कारण नाहीं तर तो गांवावर पडला असता! निर्दोष बाप हा प्रकार न्यायशास्त्रांत नवीन होय. वांचलेला मुलगा, जास्पर, नोकरींत बांधला गेला, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षीं स्वतःच्या सुटकेसाठीं त्यानें त्याच न्यायालयांत दावा करून तो जिंकला. जॉन रस्टन पेगन या कायद्याच्या अभ्यासकानें २००३ त या एका मुलावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. आमच्या वकीलमित्रांनीं तो अवश्य वाचावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग गोऱ्यांनाहि गुलामगिरी भोगावी लागलीच कीं! हा दुसऱ्या टोंकाचा घोटाळा हल्लीं बराच चालूं आहे, आणि तो चालविणारांचा हेतु बहुधा गोऱ्या दासींविषयींचा कळवळा नसून काळ्या गुलामांचें दुःख हलकें करून दाखविण्याचा असतो. आयरिश लोक हेच पहिले गुलाम, असें बेधडक लिहिलेलें आम्हीं वाचलें आहे. तें खोटें आहे. बांधील दासीची मुदत वाढे, पण तिला शेवट असे. ती न्यायालयांत फिर्याद करूं शके, मग न्यायाधीश धन्याचाच जातभाई कां असेना. आणि तिचें मूल जन्मतः कोणाची मालमत्ता नसे. ज्या डिसेंबर १६६२ च्या अधिवेशनाचे दोन कायदे वर सांगितले, त्याच अधिवेशनानें तिसरा केला: मुलाची स्थिति आईच्या स्थितीवरून ठरावी. इंग्रजांच्या परंपरेंत मूल बापाचें. तो नियम सभेनें उलटा केला, आणि काळ्या दासीच्या पोटीं जन्मणारें प्रत्येक मूल, बाप कोणीहि असो, पिढ्यानुपिढ्या गुलाम झालें. त्याच्या सहा वर्षें आधीं एलिझाबेथ की नांवाच्या स्त्रीनें आपला बाप इंग्रज होता या आधारावर न्यायालयांतून मुक्तता मिळविली होती. ती वाट या कायद्यानें बुजविली. एका बाईची मुदत दोन वर्षांनीं वाढविणारा आणि दुसरीचा सबंध वंश गुलाम करणारा हात एकच. पण दोन्ही जखमा सारख्या नव्हेत, आणि एकीनें दुसरी झांकणें ही दोघींचीहि विटंबना होय.

या दोन वाटा जेथें एकमेकींस मिळत, तेथें तर कायदा अधिकच क्रूर होई. मेरीलंडच्या १६६४ च्या कायद्यानें गुलामाशीं लग्न करणारी इंग्रज स्त्री नवरा जिवंत असेतों त्याच्या धन्याची सेवा करण्यास बांधली गेली, आणि तिचीं मुलें गुलाम ठरलीं. एलिनॉर बटलर, लोक जिला आयरिश नेल म्हणत, ती लॉर्ड बाल्टिमोरची दासी. १६८१ त तिनें चार्ल्स नांवाच्या गुलामाशीं लग्न केलें. तिच्या वंशजांनीं जवळजवळ नव्वद वर्षांनीं सुटकेसाठीं दावा केला व ते हरले. पुढें १७८७ त तिच्या एका वंशजेस मुक्तता मिळाली. एका लग्नाचा निकाल लागावयास शंभरांवर वर्षें! व्हर्जिनियानें १६९१ त गोऱ्या स्त्रीस काळ्या पुरुषापासून मूल झाल्यास पंधरा पौंड दंड, नाहीं तर पांच वर्षें विक्री, आणि मुलास तिसाव्या वर्षापर्यंत बांधून ठेवण्याची तरतूद केली. गोऱ्या मालकाला काळ्या दासीपासून मूल झालें तर? त्याबद्दल कायद्यास कांहीं म्हणावयाचें नव्हतें. त्याची मालमत्ता वाढली.

या बायकांचा स्वतःचा शब्द फारसा शिल्लक नाहीं. फुली मारणारी बाई आत्मचरित्र लिहीत नाहीं. म्हणून एलिझाबेथ स्प्रिग्ज हिचें पत्र मोलाचें. १७५६ च्या २२ सप्टेंबरला मेरीलंडमधून तिनें लंडनांतल्या आपल्या बापास तें लिहिलें. बापाची मर्जी मोडून ती कधीं तरी घराबाहेर पडलेली. आरंभीं ती त्याबद्दल क्षमा मागते. मग सांगते कीं, रात्रंदिवस काम, तेंहि बहुधा घोड्यानें करावें तसलें, बांधून फटके, खावयास मका आणि मीठ, पायांत जोडे नाहींत, मोजे नाहींत, निजावयास जमीन आणि अंगावर एक घोंगडी. शेवटीं ती मागते काय? सुटका नव्हे, पैसे नव्हेत. थोडे कपडे पाठवा, म्हणते. तें पत्र सांपडलें लंडनच्या आरमारी न्यायालयाच्या दप्तरांत, इतर जप्त कागदांच्या गठ्ठ्यांत; म्हणजे बापाच्या हातीं तें पडलें नाहीं असेंच दिसतें. तिचें पुढें काय झालें हें इतिहासास ठाऊक नाहीं.

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. ज्या बायका हिंवतापांतून, बाळंतपणांतून व मुदतींतून वांचल्या, त्यांच्यापैकीं बहुतेकींचीं लग्नें झालीं, कांहीं विधवा होऊन जमिनीच्या धनिणीहि झाल्या. बेंजामिन फ्रँकलिनची आजी, मेरी मॉरिल, ही बांधील दासीच. पीटर फोल्जर यानें वीस पौंड भरून तिला सोडविलें आणि तिच्याशीं लग्न केलें, असें सांगतात. फ्रँकलिनचें आत्मचरित्र ‘उद्योगाचें घरीं’ या धड्याची जोड म्हणून आपण आपल्या मुलांच्या हातीं देतों. पण त्याच फ्रँकलिनच्या वर्तमानपत्रांत पळालेल्या नोकरदासींच्या जाहिराती छापल्या जात, आणि तो स्वतः भावाच्या करारांतून १७२३ त पळालेला होता, याचा उच्चार आपण करीत नाहीं. पुरुष पळाला तर चरित्रनायक होतो. दासी पळाली तर मेरीलंडच्या १६६१ च्या कायद्याप्रमाणें गैरहजेरीच्या एका दिवसास दहा दिवस! तरलेल्यांची गोष्ट खरी असते. पण नदी उथळ होती असें त्यावरून ठरत नाहीं.

‘करार तो करार’ हें वाक्य आमच्या कानांस विशेष बोंचलें, कारण त्याचें उत्तर या देशांत फार पूर्वींच दिलें गेलें आहे. अमेरिकेंतील ही पद्धति मावळल्यावर १८३४ पासून तीच आमच्या लोकांसाठीं चालूं झाली. मॉरिशस, डेमरारा, नाताळ, फिजी. ॲग्रीमेंटाचें ‘गिरमिट’ झालें. मॉरिशसांत आज जो मराठी समाज आहे, त्याचे बहुतेक पूर्वज मुंबई बंदरांतून असेच गेले. फिजीस पाठविण्याच्या दर शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया हव्यात असा नियम होता. पुन्हां तेंच विषम प्रमाण, आणि पुन्हां तेंच फळ. १९१३ त कुंती नांवाच्या मजूरणीनें गोऱ्या मुकादमापासून सुटण्यासाठीं नदींत उडी टाकली, आणि तिची हकीकत हिंदी वर्तमानपत्रांत छापून आल्यावर देश हादरला. त्याच्या आधींच, १९१२ च्या मार्चांत, गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही पद्धति बंद करण्याचा ठराव मांडला होता. आपण ज्याला करार म्हणतां, तो ज्यांच्यावर फौजदारी कायद्यासह लादला जातो त्यांना तो कायदा निघण्यापूर्वीं समजावूनहि सांगितला जात नाहीं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सरकारी बहुमतानें ठराव पडला. पण पांच वर्षांत भरती थांबली आणि १९२० च्या आरंभीं फिजींतले उरलेले करार रद्द झाले. गोखले आमच्याच व्यवसायांतले, म्हणजे प्राध्यापक, वकील नव्हत.

आतां आमच्या गप्प बसण्याचें दुसरें कारण. आम्ही नऊ वर्षांचे असतांना आमच्या घरीं कोंकणांतली एक अकरा-बारा वर्षांची मुलगी कामास होती. तिचा बाप दर शिमग्यास येऊन वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन जाई. तिच्या हातांत कांहीं पडत नसे. तिला दोन वेळ जेवण, सणाला परकर-पोलकें, आणि आमची आई तिला मारीत नसे. त्यामुळें आमचें घर चांगलें समजलें जाई. एका सकाळीं ती नाहींशी झाली. तिनें आम्हांला आदल्या दिवशीं एस. टी.चा थांबा कोठें आहे तें विचारलें होतें. वडिलांनीं विचारतांच आम्ही तें मोठ्या चलाखीनें सांगितलें, व त्यांच्याबरोबर जाऊन गर्दींतून तिला बोटानें दाखवून दिलें. त्याबद्दल त्या दिवशीं आम्हांस चार आण्यांची बक्षिसी मिळाली. ती परत येतांना रडली नाहीं. बापानें पैसे घेतले आहेत, एवढेंच म्हणाली. करार तो करार, हें तिला वकीलसाहेबांइतकेंच पक्कें ठाऊक होतें.

स्नेह्यांनीं हा लेख वाचून रागावूं नये. पुढच्या उन्हाळ्यांत ते पुन्हां अमेरिकेस जाणार असें ऐकतों. त्यापूर्वीं त्यांनीं एकवार चहास बोलवावें, वकीलसाहेबांसहि बोलवावें. डिसेंबर १६६२ चे तीन कायदे उतरून आम्ही बरोबर आणूं.